सीएनए व्हायचं म्हणतेस तर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, "मावशी, सीएनएचा कोर्स करू का? आई म्हणते, बी.कॉम. होऊन लोकांची शी-शू काढायला अमेरिकेत गेलीस का?" माझी ड्यूटीला निघायची वेळ झाली होती, म्हणून फोन घाईत ठेवला. आज निवांत लिहिते. सीएनए म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, नर्सच्या हाताखालची सहायक, हे आईला आधी सांग.

आधी आईच्या बोलण्याचं बघू. हो, शी-शू काढावी लागते, रोज. अंघोळ, कपडे, भरवणं, कूस बदलणं, खुर्चीत बसवणं, सगळं सीएनएच करते. नर्स औषधं देऊन पुढच्या खोलीत जाते, डॉक्टर कधीतरी येतात. दिवसभर त्या माणसाच्या अंगाला हात लागतो तो तुझा. म्हणून बिघडलेलं आधी तुलाच कळतं. अंघोळ घालताना टाचा आणि माकडहाड बघायचं. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. दाबूनही फिका पडत नसेल तर सतत पडून राहून आत जखम धरायला लागली आहे, लगेच नर्सला सांगायचं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही; तिथे जागा गरम किंवा कडक लागते का, हे हातालाच कळतं. त्या दिवशी लक्षात आलं नाही, तर पुढे तीच जखम हाडापर्यंत जाते. आईला हे सांग.

आता कोर्स. अमेरिकेच्या 1987 च्या कायद्याने नर्सिंग होममधल्या सहायकांना किमान 75 तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. राज्यं त्यात भर घालतात. आपल्या न्यू जर्सीत 90 तास आहेत, कॅलिफोर्नियात 160. (आईला नर्सिंग होम म्हणजे बाळंतपणाचा दवाखाना वाटेल. इथे ते म्हाताऱ्या, परावलंबी माणसांचं राहायचं ठिकाण, हेही समजावून सांग.) कोर्सची फी भरायची घाई मात्र करू नकोस. आधी जवळपासच्या दोन-तीन नर्सिंग होममध्ये जाऊन विचार, "तुम्ही शिकवून कामावर घेता का?" त्यांनी नोकरीवर घेतलं असेल तर प्रशिक्षणाचे आणि परीक्षेचे पैसे तुझ्याकडून घेता येत नाहीत. स्वतः पैसे भरून शिकलीस आणि 12 महिन्यांच्या आत अशा ठिकाणी लागलीस, तरी ते पैसे परत मिळायची तरतूद आहे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पावत्या जपून ठेव.

परीक्षेचे दोन भाग असतात. लेखीची धास्ती घेऊ नकोस, इंग्रजी वाचायला जड जात असेल तर तोंडी देता येते. खरी कसोटी प्रात्यक्षिकाची. हात धुणं, नाडी मोजणं, अर्धांग झालेल्या माणसाला शर्ट घालणं. शर्ट घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. ऐकायला सोपं आहे, पण परीक्षक समोर उभा असला की हात उलटे चालतात.

एक गोष्ट मी किंमत मोजून शिकले. पहिल्याच वर्षी एका बाईंना पलंगावरून खुर्चीत घ्यायचं होतं. दोघींचं काम होतं, पण जोडीदारीण दुसऱ्या खोलीत अडकलेली आणि बाईंना बाथरूमची घाई. त्यांच्या कमरेला धरायचा पट्टा न बांधता मी त्यांना काखेत धरून उचललं. त्या वाचल्या, माझी कंबर सहा आठवडे धरली. अजून थंडीत दुखते. तेव्हा कोणी कितीही घाई केली तरी पट्टा बांधल्याशिवाय आणि दुसरा माणूस आल्याशिवाय उचलायचं नाही. नोकरी घेताना एका पाळीत किती माणसं वाट्याला येतात तेही विचार. न्यू जर्सीत 2021 पासून दिवसपाळीला आठ माणसांमागे एक सीएनए हवी असा कायदा आहे. प्रत्यक्षात काय चालतं, ते तिथल्या मुलींनाच जेवणाच्या सुट्टीत विचार.

पैशाचं स्पष्ट सांगते. 2023 च्या सरकारी आकड्यांनुसार देशभरातल्या सहायकांचा मधला पगार वर्षाला 38,200 डॉलर होता. परवानाधारक प्रॅक्टिकल नर्सचा, म्हणजे एलपीएनचा, 59,730 आणि आरएनचा, म्हणजे नोंदणीकृत नर्सचा, 86,070. कामाच्या मानाने सीएनएला फार कमी मिळतं, हे माझं ठाम मत आहे. त्यात घर चालवणं कठीण, म्हणून बऱ्याच जणी दोन-दोन नोकऱ्या करतात आणि शिकायला वेळच उरत नाही. तू त्या चक्रात अडकू नकोस. एलपीएनला साधारण एक वर्ष लागतं. कम्युनिटी कॉलेजमधून आरएनला दोन वर्षं, पण त्याआधी शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे विषय पुरे करावे लागतात. ते नोकरी करता करता एकेक करून उरकता येतात. फीला मदत करणारी नर्सिंग होम असतात, मुलाखतीतच विचारून घे. मधे सलग दोन वर्षं या क्षेत्रातलं पगारी काम अजिबात केलं नाहीस तर राज्याच्या नोंदवहीतली तुझी नोंद बाद होऊन पुन्हा प्रशिक्षण घ्यावं लागतं किंवा निदान परीक्षा तरी द्यावी लागते, एवढं ध्यानात असू दे.

गुरुवारी मला सुट्टी आहे. दुपारी जेवायला ये आणि नवऱ्याचा एक पूर्ण बाह्यांचा शर्ट घेऊन ये. मी डावा हात लुळा टाकून पलंगावर पडते, तू मला तो घालून दाखव.

तुझी,
मावशी