लिनक्स (उबुंटू) टाकलंय, माऊसने सगळं होतंय, फक्त डिस्क भरत चाललीय आणि जागा कुठे गेली कळेना, मग टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) शिकायची खरंच गरज आहे का?

रोजच्या वापराला नाही. ब्राउझर, ऑफिस, पिक्चर बघणं सगळं माऊसवर चालतं. पण तुम्हीच लिहिलंय की उबुंटूवर डिस्क भरत चाललीय आणि जागा कुठे गेली कळेना, तर नेमकं इथेच टर्मिनल बाजी मारतं.

होम फोल्डरमध्ये उभं राहून डीयू (कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते सांगणारी कमांड) चालवा, त्याला एच (आकडे केबी-जीबीत दाखव) आणि डी१ (एकच पातळी खोल जा) हे ऑप्शन द्या, मग पाइप (उभी रेघ, एकीचं उत्तर पुढच्या कमांडला देते) टाकून पुढे सॉर्ट (क्रम लावणारी कमांड), त्यालाही एच. म्हणजे du -h -d1 | sort -h. सॉर्टचा एच विसरू नका, नाहीतर ९०० केबीचं फोल्डर २ जीबीच्या वरचढ दिसेल, कारण साधा सॉर्ट केबी-जीबी बघतच नाही. सगळ्यात अवाढव्य फोल्डर शेवटच्या ओळींत येतात. बऱ्याचदा नावाआधी टिंब असलेलं कॅश (प्रोग्रामनी साठवलेल्या तात्पुरत्या फाइलींचं) फोल्डर तिथे ऐटीत बसलेलं असतं, जे फाइल मॅनेजर लपवून ठेवतो. होम ठीकठाक निघालं तर सिस्टिमचे लॉग (नोंदी) बघा, जर्नलसीटीएल या लॉगच्या कमांडला डिस्क युसेज विचारलं की आकडा सांगतो आणि व्हॅक्यूम साइज दिला की जुने लॉग तेवढ्यावर छाटतो. एपीटी (उबुंटूवर सॉफ्टवेअर टाकायची-काढायची कमांड) क्लीनने डाउनलोड झालेली पॅकेजं जातात, ऑटोरिमूव्हने नको असलेली, पण ऑटोरिमूव्हला हो म्हणायच्या आधी यादी वाचा, डोळे झाकून वाय दाबू नका.

दुसरं म्हणजे एलियास (लांब कमांडला दिलेलं छोटं नाव), माझ्या मते खरी मजा यातच आहे. होममध्ये बॅशआरसी नावाची फाइल असते (हीपण टिंबवाली, लपलेली; बॅश म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्राम, ही त्याची सेटिंगची फाइल), तिच्या तळाशी एक ओळ टाकायची, की मी नुसतं 'अप' टाइप केलं की एपीटी अपडेट आणि ते नीट झालं तरच अपग्रेड चालव. 'झालं तरच' हे काम दोन अँड चिन्हं (&&) करतात. एलियासच्या ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या (=) आजूबाजूला स्पेस सोडू नका, बॅश तिथे अडतं आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. आणि आधी फाइलची कॉपी काढून ठेवा. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून नवीन अकाउंटला बॅशच्या जागी झेडशेल येतं, तिथे हीच ओळ झेडएसएचआरसीत टाकायची, अर्थात एपीटीच्या जागी होमब्रू (मॅकवर तेच काम करणारं साधन).

कमांड पाठ करायच्या भानगडीत पडू नका. कंट्रोल आर दाबून दोन-तीन अक्षरं टाकली की आधी मारलेली कमांड परत येते, मी तर अर्धा वेळ त्यावरच जगतो.

फक्त आरएमपासून (फाइल उडवणारी कमांड) जपून, त्यातून उडालेलं कचरापेटीत जात नाही, गेलं ते गेलं. स्टार (*, म्हणजे 'काहीही चालेल') वापरून काही उडवायचं असेल तर आरएमच्या जागी एलएस (नुसती यादी दाखवणारी कमांड) लिहून एकदा बघा कुठल्या फाइली येतायत, आणि नेटवरून उचललेल्या कमांडमध्ये सूडो (ॲडमिनच्या हक्काने चालव) दिसला तर आधी मॅन पेज (त्या कमांडचं माहितीपान) उघडा, मग एंटर.