वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन अभ्यासक्रमाची तपासणी आणि प्राध्यापकांची साथ

प्रश्न : मी न्यूयॉर्क राज्यातील एका महाविद्यालयात इन्स्ट्रक्शनल डिझायनर आहे, म्हणजे अभ्यासक्रमाच्या रचनेत प्राध्यापकांना मदत करतो. ऑनलाइन अभ्यासक्रमांची गुणवत्ता आम्ही 'ओ.एस.सी.क्यू.आर.' या रुब्रिकनुसार, म्हणजे निकषांच्या ठरावीक यादीनुसार, तपासतो. गेल्या सत्रात रसायनशास्त्राच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांना मी 31 सूचनांचा अहवाल ईमेलने पाठवला. "तुम्हांला रसायनशास्त्र येत नाही, मग माझा अभ्यासक्रम कशाच्या आधारे तपासता?" एवढेच उत्तर आले आणि काम तिथेच थांबले. यापुढे कसे वागावे?

उत्तर : आपल्या सूचना योग्यच असतील, असे धरून चालतो. तरीही वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या माणसाला एके सकाळी, आधी काही बोलणे झालेले नसताना, 31 उणिवांची यादी मिळावी, हे कोणालाही लागणारे आहे. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यासारख्यांना तर 'तपासणी' म्हटले की साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी सारवलेला वर्ग आणि धास्तावलेले गुरुजी आठवतात. स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कमध्ये तयार झालेल्या या रुब्रिकचा हेतू मात्र मुळातच अभ्यासक्रम सुधारण्याचा आहे. शिकवणाऱ्याचे मूल्यमापन करणे हे तिचे काम नाही. ही गोष्ट पहिल्याच भेटीत, शक्यतो विभागप्रमुखांच्या समक्ष, स्पष्ट सांगावी आणि अहवाल प्राध्यापकांच्या सेवापुस्तिकेत जाणार नाही याची हमी महाविद्यालयाकडून आधी मिळवावी. ती हमी नसेल, तर त्यांची भीती रास्त आहे, असे मला वाटते.

त्यानंतर एक तास दोघांनी एकाच पडद्यासमोर बसावे. रुब्रिक बाजूला ठेवून अभ्यासक्रम विद्यार्थ्याच्या नजरेने उघडावा आणि पहिला गृहपाठ कुठे आहे, तो कधी द्यायचा आहे, हे प्राध्यापकांनाच शोधायला सांगावे. माहितीपत्रकात एक तारीख आणि घटकाच्या पानावर दुसरी, हे आपण लिहून कळवले तर ती चूक ठरते. त्यांना स्वतःला दिसले तर ते लगेच दुरुस्त करतात.

त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तरही अशाच बैठकीत मिळेल. अ‍ॅसेटिक आम्लात सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब टाकत गेल्यावर मिळणारा टायट्रेशनचा आलेख त्यांच्या अभ्यासक्रमात असणारच. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली) त्या ठिकाणी केवळ 'चित्र' एवढेच वाचत असेल, तर तिथे चित्राचे वर्णन करणारा पर्यायी मजकूर हवा, हे आपल्याला कळते. पण सामू (पीएच) आधी सावकाश वाढतो, मग एका ठिकाणी एकदम उसळतो आणि तुल्यतेचा बिंदू 7 च्या वर येतो, यातले नेमके काय सांगायचे, हे तेच ठरवू शकतात. तोच आलेख चाचणीत असेल, तर किती सांगितले की उत्तरच फुटते, हेही त्यांनाच ठाऊक. रसायनशास्त्र आपल्याला येत नाही हे मोकळेपणाने मान्य करावे. विषय न येणारा माणूस पान उघडून कुठे अडखळतो, हे दाखवणे हाच आपला उपयोग आहे.

रुब्रिकमध्ये 50 निकष आहेत आणि त्यांतला जो लागू नसेल तो तसा नोंदवण्याची सोय आहे, हे पुष्कळ जण विसरतात. त्याहून मोलाची सोय म्हणजे प्रत्येक दुरुस्तीपुढे लागणारा वेळ : अर्ध्या तासाच्या आत, अर्धा ते दोन तास, किंवा दोन तासांहून अधिक. आपल्या 31 सूचना या तीन गटांत मांडून पाहा. 'इथे क्लिक करा' असे लिहिलेल्या दुव्यांना नीट नावे देणे पहिल्या गटात जाईल आणि त्यातले बरेचसे आपणच, त्यांच्या परवानगीने, करून देऊ शकाल. स्कॅन केलेल्या प्रयोगपत्रिका नव्याने टंकित करणे, सर्व व्हिडिओंची उपशीर्षके तपासणे, ही कामे मोठी आहेत. ती सत्र चालू असताना मागू नयेत. या सत्रात काय आणि पुढच्या सत्रात काय, हा क्रम प्राध्यापकांना ठरवू द्यावा. अपवाद फक्त सुगम्यतेचा, म्हणजे दिव्यांग विद्यार्थ्यांनाही अभ्यासक्रम वापरता येण्याचा. वर्गात आज एखादा विद्यार्थी त्याविना अडला असेल, तर ते काम थांबवता येत नाही.

त्या ईमेलबद्दल एकदा प्रत्यक्ष भेटून दिलगिरी व्यक्त करावी, असे सुचवतो.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यातील महाविद्यालयात असा डिझायनर नाही. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवरचा माझा अभ्यासक्रम मी एकटाच कसा तपासू?

उत्तर : हीच रुब्रिक मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे आणि स्वतःच्या अभ्यासक्रमासाठी ती कोणीही वापरू शकतो. फक्त तपासणी अभ्यासक्रम रचून झाल्यावर लगेच करू नये; दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. मग दुसऱ्या विभागातील एखाद्या सहकाऱ्याला तो संगणकावर न दाखवता मोबाइलवर, वाय-फाय बंद ठेवून उघडायला द्यावा, कारण आपले बहुतेक विद्यार्थी तो तसाच उघडतात. शेजारी बसावे, मात्र काही सांगू नये. ते जिथे थांबतील, ती जागा वहीत टिपून ठेवावी.