घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड : म्हणून मूल अबोल झाले का?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असताना तो ‘आई’, ‘पाणी’, ‘भूभू’ म्हणत असे. नंतर हे शब्द हळूहळू बंद झाले. हाक मारली तर तो वळून पाहत नाही, पण मिक्सर सुरू झाला की कानांवर हात ठेवून पळतो. डब्याचे झाकण फिरवत बराच वेळ बसतो. घरी मराठी आणि अंगणवाडीत कन्नड, यामुळे तो गोंधळला असे नातेवाईक म्हणतात. त्याचे वडीलही उशिरा बोलले, असे सासूबाई सांगतात. आम्ही घरी मराठी बोलणे बंद करावे का?
– एक आई

उत्तर : ताई, घरातली मराठी मुळीच बंद करू नका. तुम्ही लिहिलेल्या गोष्टी वाचून स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची (संवाद साधणे आणि इतरांशी मिसळणे अवघड जाणाऱ्या, मेंदूच्या विकासातल्या वेगळेपणाची), शंका मनात येते; पण दोन भाषा कानावर पडणे हे तिचे कारण नाही; आणि स्वमग्न मुलांवर झालेल्या अभ्यासांतही दोन भाषा ऐकणारी मुले एकच भाषा ऐकणाऱ्या मुलांपेक्षा त्यामुळे मागे पडल्याचे दिसलेले नाही. दोन भाषांत वाढणारे मूल शब्दांची सरमिसळ करते, पण आलेले शब्द त्यामुळे गमावत नाही. निपाणीपासून खानापूरपर्यंत आपली कितीतरी मुले अशीच मोठी झाली आहेत. तरीही भाषेला दोष देऊन मोलाचे महिने वाया जातात, याचे मला फार वाईट वाटते.

तुमच्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे : आलेले शब्द गेले. असे कोणत्याही वयात झाले तरी थांबू नये. वडील उशिरा बोलले असतील. पण केवळ उशिरा बोलणारे मूल सहसा शब्दांवाचूनही पुष्कळ सांगते, चांदोबाकडे बोट करते आणि आई बघते आहे ना, म्हणून वळून तिच्या चेहऱ्याकडे पाहते. तुमचा मुलगा असे करतो, की तुमचा हात धरून तो हव्या त्या वस्तूवर नेऊन ठेवतो, याकडे लक्ष द्या.

पत्रावरून निदान करता येत नाही. मिक्सरच्या आवाजाने पळतो म्हणून कान ठीक आहेत असे समजू नका. आधी श्रवणतपासणी करून घ्या. मग बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्या आणि कधी झटके (फिट) आले असतील तर तेही सांगा. रक्त तपासून किंवा स्कॅन काढून स्वमग्नता ठरत नाही. मुलाचे वागणे पाहून आणि पालकांशी सविस्तर बोलूनच ती ठरते. बौद्धिक अक्षमता, अतिचंचलता किंवा केवळ भाषेतला विलंब हे वेगळे प्रश्न आहेत, पण एकाच मुलात दोन प्रश्न असूही शकतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर अशा मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची, म्हणजे तपासणी आणि उपचार लवकर सुरू करणाऱ्या केंद्रांची, तरतूद आहे. अंगणवाडीतल्या बाईंना किंवा आशाताईंना त्याबद्दल विचारा. म्हैसूरला वाचा आणि श्रवण यांसाठीची अखिल भारतीय संस्था १९६५ पासून आहे. निदान पक्के झालेच, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे, हे लक्षात असू द्या.

तोवर आंघोळ घालताना तांब्या भरून हातात धरा, ‘पाणी’ म्हणा आणि मनात पाचपर्यंत मोजत थांबा. त्याने नुसते पाहिले किंवा हात पुढे केला, तरी तेच उत्तर समजून पाणी ओता. वाचा-उपचार करणाऱ्या बाई कन्नड बोलत असतील, तर घरातले हेच मराठी शब्द त्यांना लिहून द्या. तपासणीला जाताना तो खेळत असतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर घेऊन जा, आणि कोणता शब्द साधारण कोणत्या महिन्यात बंद झाला, हे आजच आठवून वहीत लिहून ठेवा.