नव्याने गोसेवेस लागणाऱ्यास

वसुबारसेला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, सवत्स गाईची पूजा करून तुम्ही सेवेचा संकल्प सोडलात, हे उत्तमच. परंतु सोलापुरात ही सेवा खऱ्या अर्थाने कसाला लागते ती चैत्र-वैशाखात, जेव्हा पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि कडब्याची पेंढी मिळणे अवघड होते. म्हणून गाय आणण्यापूर्वी वर्षभराच्या वैरणीची, सावलीची आणि पाण्याची सोय करावी. उन्हाळ्यात एका मोठ्या जनावराला दिवसाकाठी पन्नास-साठ लिटर पाणी सहज लागते.

आपल्या भागाची गाय म्हणजे खिलार. ती काटक असते, पण दूध बेताचेच देते आणि परक्या माणसाला चटकन जवळ येऊ देत नाही, त्यामुळे पहिले काही दिवस शिंगांपासून जपून, रोज एकाच माणसाने तिला चारा घालावा.

माझा खरा आग्रह गोग्रासाविषयी आहे. पुण्य म्हणून पुरणपोळ्या, भात आणि शिळ्या भाकरींची रास गाईपुढे ओतली जाते. त्याने पोट बिघडते, प्रसंगी जनावर दगावते. घासभर पोळी पुरे, बाकी कडबा आणि हिरवा चारा द्यावा. मात्र पावसाअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी कधीही घालू नये, कारण तिच्यातील विषाने किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागून गाय थोड्याच वेळात मरू शकते. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस पशुवैद्यकाकडून वेळेवर टोचून घ्यावी. अंगारा लावायचा असल्यास तो त्यानंतर लावावा.