एआय कुठे बसवायचं ते नंतर, आधी रिजेक्शन रजिस्टर उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या अंबडला पन्नासेक माणसांचं मशीनिंग युनिट (धातूचे भाग कापून मापात आणणारं), मालक एका प्रदर्शनात एआय पाहून आले आणि आता तुमच्यामागे लागलेत की दिवाळीपर्यंत 'एआय बसवा' आणि क्वालिटीतली दोन माणसं कमी करा. सुरुवात कुठून करायची?

सातपूर-अंबडात मी सत्तावीस वर्षं क्वालिटीत काढली, आता दोन-तीन छोट्या युनिट्सना सल्ला देतो. त्या दोन माणसांना हात लावू नका. का, ते सांगायला जरा लांबण लागेल.

जिथे मी पूर्वी नोकरीला होतो त्याच युनिटने दोन वर्षांपूर्वी मला बोलावलं. तीन वर्षांचं रिजेक्शन रजिस्टर, म्हणजे नापास मालाची नोंदवही, एका मुलाकडून एक्सेलमध्ये भरून घेतलं, ग्राहकांना पाठवलेले एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारे) जोडले आणि एआयला विचारलं, बोअर (भागातलं गोल भोक) ओव्हरसाइज, म्हणजे मापापेक्षा मोठा, का जातोय? पाच मिनिटांत देखणा अहवाल हातात. निष्कर्ष: ऑपरेटरची चूक, प्रशिक्षण वाढवा. मालक खूश. मी मात्र मान खाली घालून बसलो, कारण 'कारण'च्या रकान्यात 'ऑपरेटर मिस्टेक' लिहायला पोरांना मीच शिकवलं होतं. ग्राहकाला एट-डी लवकर बंद करून हवा असतो. 'मशीन जुनी झाली' लिहिलं की खर्च, 'टॉलरन्स (मापातली चालणारी सूट) झेपत नाही' लिहिलं की भांडण. 'ऑपरेटरला समज दिली' लिहिलं की विषय मिटतो. एआयचं काही चुकलं नव्हतं. आमच्याच थापा त्याने इस्त्री करून परत दिल्या.

खरं कारण पहिल्या पाळीच्या सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याला, ठाऊक होतं. सुट्टीनंतरच्या सकाळी, त्यातही निफाडच्या थंडीच्या बातम्या येतात त्या दिवसांत, मशीन गार पडलेली असते. स्पिंडल तापेपर्यंत माप काही मायक्रॉन सरकत राहतं. हा गडी पहिले आठ-दहा जॉब (मशीनवर बनणारे भाग) बाजूला ठेवायचा, ऑफसेट, म्हणजे मशीनमधली मापाची दुरुस्ती, सांभाळत बसायचा. तो रजेवर गेला की ओव्हरसाइज. त्याला कुणी कधी विचारलं नाही, आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहायला रकानाच नव्हता.

मग आम्ही रजिस्टर बदललं. जॉब किती वाजता गेला, मशीन सुरू झाल्यावर कितवा, एवढंच लिहायचं. कारण लिहायचं नाही, बोलायचं: ऑपरेटरने फोनवर मराठीत अर्ध्या मिनिटाचा आवाज टाकायचा, एआयने तो उतरवून मशीनवार लावायचा. ('चिप अडकली'चं 'चिप्स आणली' झालेलं आम्ही वाचलंय, तेव्हा मूळ आवाज पुसू नका.) पहिला महिना-दीड महिना कुणी तोंड उघडलं नाही. मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की यावरून कुणाचा पगार कापणार नाही, मग हळूहळू बोलू लागले. शंका आली तर मशीन थांबवायची मुभाही त्यांना दिली. टोयोटात लाइन थांबवायची दोरी किंवा बटण कामगाराच्या हाताशी असतं, त्यातलाच प्रकार. ही मुभा नसती तर नुसते आवाज साठले असते.

विजेचंही असंच झालं होतं. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं, पण अमेरिकी कारखान्यांच्या उत्पादकतेत मोठी उडी दिसली १९२० च्या दशकात. पॉल डेव्हिड या अर्थतज्ज्ञाने १९९० मध्ये यावर लिहिलंय. आधी लोकांनी वाफेचं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली. छताखालचा लांब शाफ्ट आणि पट्टे तसेच ठेवले. प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर आली, मशिनी कामाच्या ओघाप्रमाणे मांडता आल्या, तेव्हा कुठे फायदा झाला. तुमचे मालक सध्या इंजिनाच्या जागी मोटर बसवायला निघालेत.

एआय कुठे घसरतं याचा एक चांगला प्रयोग २०२३ मध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवर झाला. एआयला झेपणाऱ्या कामांत ते वापरणाऱ्यांनी सरासरी १२ टक्के जास्त कामं उरकली, तीही २५ टक्के वेगाने. पण एका कामात आकड्यांचे तक्ते आणि माणसांच्या मुलाखती दोन्ही ताडून पाहायचे होते. तिथे एआय वापरणाऱ्यांचं बरोबर उत्तराचं प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा १९ टक्केबिंदूंनी कमी आलं. आमचा बोअर तरी दुसरं काय होता? रजिस्टर एक सांगत होतं, सेटर दुसरं.

नव्या कल्पनांसाठी एआय वापरू का, हेही तुम्ही विचारलंय. कायझेन स्पर्धेत (कामगारांनी छोट्या सुधारणा सुचवायच्या) आम्ही एकदा मोकळीक दिली. कागद सुंदर आले, पण बहुतेकांत तोच शॅडो बोर्ड (हत्यारांच्या आकृत्या काढलेला फळा), तीच रंगीत पट्टी. २०२४ मधल्या एका अभ्यासात लघुकथांबाबत हेच दिसलं होतं: एआयच्या मदतीने एकेक कथा सरस होते, पण सगळ्या एकमेकींसारख्या होतात. आता आमच्याकडे आधी हाताने काढलेलं चित्र आणि दोन ओळी जमा करायच्या, मगच एआयकडे जायचं.

एट-डीचा मसुदा, ग्राहकाला इंग्रजी मेल, ऑडिटची तयारी ही कामं खुशाल त्याच्याकडे द्या. ग्राहकाचं ड्रॉइंग मात्र फुकटच्या अॅपवर चढवू नका, आधी करारातलं गोपनीयतेचं कलम वाचा.

आणि ती दोन माणसं: त्यांना रोज सकाळी पंधरा मिनिटं आदल्या दिवशीचे आवाज ऐकायला बसवा, ऐकून एकेका मशीनपाशी जाऊ द्या. मालकांना आकडाच हवा असेल तर पुढचे तीन महिने सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीचं रिजेक्शन वेगळं मोजा. तो आकडा इथे टाका, पुढचं त्यावर बोलू.