उत्क्रांती शिकून पुढे काय?

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, गणित सोडून जीवशास्त्र घेतलंय. तिला उत्क्रांतीशास्त्र शिकायचंय. 'माकडाचा माणूस कसा झाला हे शिकून पोट भरतं का?' असं तिचे बाबा म्हणतात. या विषयाचा वैद्यकशास्त्राशी काही संबंध आहे का?
– एक आई, धुळे

उत्तर : ताई, संबंध अगदी थेट आहे. क्षयरोगाचंच बघा. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड ही त्यावरची दोन औषधं. रिफाम्पिसिनला दाद न देणारा जिवाणू साधारण 10 कोटींत एखादा, आयसोनियाझिडला न जुमानणारा 10 लाखांत एखादा. औषध सुरू होण्याआधीच ते तिथे असतात. फुफ्फुसात पोकळी झाली असेल तर जिवाणू 10 कोटींच्याही वर जाऊ शकतात. मग एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि हे मोजके फोफावतात. उत्क्रांतीतली नैसर्गिक निवड ती हीच. दोन्ही औषधांना पुरून उरणारा मात्र 1 वर 14 शून्यं, इतक्यांत एक! पहिले दोन महिने चार औषधं एकत्र देतात ती यासाठीच.

प्रतिकारशक्तीही याच नियमाने चालते. संसर्गानंतर लसिकाग्रंथींत बी-पेशींची (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणारी जनुकं भराभर बदलतात. जंतूला घट्ट चिकटणारं प्रतिपिंड ज्यांना जमतं त्या पेशी टिकतात, बाकीच्या मरतात. तुमच्या शेजारच्या नंदुरबारमधला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही इथलाच विषय : एकाच पालकाकडून आलेलं ते जनुक गंभीर मलेरियापासून वाचवतं, दोघांकडून आलं तर आजार होतो.

आता खरी अडचण, गणित. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेसाठी आयएटी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. चार विषयांचे प्रत्येकी 15 प्रश्न, वेळ तीन तास, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर 1 वजा. गणित न घेताही परीक्षेला बसता येतं, पण 240 पैकी 60 गुण गणिताचेच. प्रवेश मिळाला तरी पहिल्या वर्षी गणित सुटत नाही. प्राण्यांच्या आवडीपोटी आलेली मुलं लोकसंख्या-आनुवंशिकीला (समूहात जनुकांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या कसं बदलतं याचा अभ्यास) अडतात ती इथेच. तेव्हा आतापासून रोज तासभर संभाव्यता, क्रमचय-संचय आणि कलनाची (कॅलक्युलस) तोंडओळख करायला लावा.

बाबांना हेही स्पष्ट सांगा : पाच वर्षं बीएस-एमएस ही जोडपदवी, त्यावर पीएचडीची पाच-सहा. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये. पुढे विषाणूंचे जनुकक्रम अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळा, लसनिर्मिती, अध्यापन. रुग्ण तपासता येणार नाहीत. तेच हवं असेल तर नीट द्यावी, तिथे गणित लागत नाही.

आयसर हुकलं तर सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी करून बायोइन्फॉर्मॅटिक्सकडे (जीवशास्त्रीय माहितीचा संगणकाने अभ्यास) वळता येतं. मात्र संख्याशास्त्र तिथेही लागेलच.