सिलिकॉन वेफर (पातळ स्फटिक-चकती) फिरवला की रामन स्पेक्ट्रममधला, म्हणजे विखुरलेल्या लेझर प्रकाशाच्या आलेखातला, ५२० सेमी⁻¹चा पीक (peak, उंच टोक) खाली-वर होतो. मशीन बिघडलंय का?

बहुतेक नाही. सोलापुरात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मीही या पिकामागे दोन दिवस घालवलेत; मंगळवेढ्याची ज्वारी असती तर निदान भाकरी तरी मिळाली असती!

(१००) वेफर, म्हणजे स्फटिकाच्या १०० प्रतलाला समांतर कापलेला, असेल आणि अ‍ॅनालायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारा फिल्टर) लेझरच्या ध्रुवीकरणाला (प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेला) समांतर असेल, तर असंच व्हायला हवं. वेफरची सपाट कड, म्हणजे सहसा स्फटिकाची ११० दिशा, ध्रुवीकरणाच्या रेषेत आली की पीक सर्वात उंच. ४५ अंश फिरवा, जवळजवळ गायब. ९० अंशांवर परत हजर.

आता अ‍ॅनालायझर काढून वेफर फिरवा. उंची स्थिर राहायला हवी. तरी हलली, तर संशय ग्रेटिंगवर (मशीनमधल्या, प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या जाळीवर) घ्या. ती दोन्ही ध्रुवीकरणं सारखी पुढे पाठवत नाही. स्लिटच्या (प्रकाश आत येतो त्या फटीच्या) आधी स्क्रॅम्बलर (ध्रुवीकरण विस्कटून टाकणारा भाग) बसवा. वेफर फिरवताना फोकस सुटत नाही ना, तेही बघा.